नमुना जुळत नाही

तांडा, ता. दारव्हा
२१ जानेवारी २००७

प्रिय केतकी,

तुझं संक्रांतीचं पाकीट आलं तेव्हा मी घरी नव्हते. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात, शवागाराच्या बाहेर याडीला धरून बसले होते. परत आल्यावर पत्र वाचलं. तिळगूळ अजून पुडीतच आहे.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका जिनिंगला आग लागली, हे तुला तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं असेल. कापसाची गंजी पेटली आणि शेडमध्ये काम करणारे तीन मजूर आतच राहिले. एकाच्या हातात कडं होतं, त्यावरून त्याची ओळख पटली. दुसऱ्याच्या बायकोनं पुढचा तुटका दात ओळखला. तिसऱ्याचं ओळखण्यासारखं काहीच उरलेलं नाही. ठेकेदार म्हणतो, रोजंदारीवर येतात त्यांची नावं मी विचारत नाही.

मी तिथं कशाला गेले, ते सांगते. आमचा धाकटा, प्रेम, दिवाळीनंतर घर सोडून गेला. दोन वर्षं कापूस लाल्या रोगानं गेला, तेव्हापासून तो म्हणायचा, मी काही या मातीत मरत नाही, राजूरला कोळशाच्या खाणीवर काम भेटते. बा आणि त्याची चांगलीच जुंपली. बा म्हणाला, "जाय. वापस येऊन तोंड दाखवू नको." तो खरंच गेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. आम्ही समजत होतो की राजूरला आहे. आगीनंतर तांड्यातला रामलाल सांगू लागला की त्यानं प्रेमला पंधरा दिवसांपूर्वी लोहाऱ्याच्या त्याच जिनिंगच्या फाटकावर पाहिलं. पाठमोरा पाहिला म्हणतो. शर्ट त्याचाच होता म्हणतो.

पोलिसांनी आईबाप म्हणून बा आणि याडीचं रक्त घेतलं. नागपूरला तपासायला जाणार आहे. सुई टोचताना याडी इतकी थरथरत होती की नर्सबाईनं तिला बाकावर झोपवलं.

केतकी, आईबापाचं रक्त आणि ते जळालेलं शरीर, यांच्यावरून कसं कळतं गं? तू हैदराबादला हेच शिकतेस ना? मला समजेल असं लिही. तांड्यात जो तो काहीतरी सांगतो आणि माझं डोकं चालेनासं झालं आहे. फोन करू नको. बूथवर सगळे कान देऊन ऐकतात.

तुझी,
संगीता


हैदराबाद
३० जानेवारी २००७

प्रिय संगीता,

पत्र मिळालं. प्रेमचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. तू आमच्याकडे रविवारी जेवायला यायचीस तेव्हा एकदा घरचा डबा घेऊन तुला हॉस्टेलवरून शोधत आलेला आणि लाजून आमच्या फाटकाबाहेरच उभा राहिलेला, तो प्रेम.

तू विचारलंस ते सांगते. बारावीला आपण कांद्याची साल काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिली होती. पेशीच्या मधला तो गडद ठिपका आठवतो? ते केंद्रक. त्यात डीएनए असतो. चार प्रकारच्या अक्षरांत लिहिलेला एक लांबच लांब मजकूर समज. तुझ्या रक्तात, हाडात, दातात, केसाच्या मुळाशी, सगळीकडे तोच मजकूर. म्हणून शरीर जळालं तरी मांडीच्या हाडाच्या किंवा दाढेच्या आत थोडासा जरी शाबूत सापडला, तरी पुरतो. प्रयोगशाळेत त्याच्या लाखो प्रती काढता येतात.

सगळ्या माणसांचा मजकूर जवळजवळ सारखाच असतो. पण काही ठरावीक जागी एक लहानसा तुकडा ओळीनं पुन्हा पुन्हा येतो. कोणाकडे अकरा वेळा, कोणाकडे चौदा वेळा. तपासणारे अशा पंधरा जागा पाहतात. प्रत्येक जागी आपल्याकडे दोन आकडे असतात. त्यांतला एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. समज, एका जागी तुझ्या आईचे आकडे अकरा आणि चौदा आहेत, बांचे नऊ आणि बारा. मग त्यांच्या मुलाकडे तिथे अकरा किंवा चौदा यांतला एक असायलाच हवा, आणि नऊ किंवा बारा यांतला एक. असं पंधराही जागी जुळावं लागतं. क्वचित एखाद्या जागी प्रत उतरताना आकडा बदलतो. पण चार-पाच जागी जुळलं नाही, तर ते मूल त्या आईबापाचं नाही.

म्हणून धीर धर. रामलालनं पाठमोरा शर्ट पाहिला, यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं आहे. रिपोर्ट जुळला नाही, तर तो प्रेम नाही हे निश्चित समज.

बाबांना मी सांगितलं आहे. निवृत्त झाले तरी कचेरीतली सगळी माणसं त्यांच्या ओळखीची आहेत. ते पोलीस ठाण्यात तुमच्याबरोबर येतील. संकोच करू नकोस.

तुझी,
केतकी


तांडा
१८ मार्च २००७

प्रिय केतकी,

तो प्रेम नाही! नाही!

परवा तुझे बाबा, श्रीकृष्णकाका, स्वतः ठाण्यात आले आणि त्यांनी कागद वाचून दाखवला. 'सदर मृत व्यक्ती ही रक्तनमुने देणारे श्री. रूपसिंग व सौ. रुक्माबाई यांचे जैविक अपत्य नाही.' मी काकांना तीनदा वाचायला लावलं. बा ठाण्याच्या पायरीवर बसून मोठमोठ्यानं रडला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

तू लिहिलं होतं तसंच झालं. मी तुझं पत्र बाला आमच्या गोरबोलीत समजावून सांगितलं होतं, आईचा एक आकडा, बापाचा एक आकडा. त्याच्या ते पक्कं डोक्यात बसलं आहे. तांड्यात सगळ्यांना सांगत फिरतो, "पंधरा ठिकाणी पाह्यलं डॉक्टरनं. पंधरा ठिकाणी!" घरोघरी गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी प्रेमचा दहावीचा फोटो खिशात घातला आणि यष्टीनं वणीला गेला. तिथून राजूरला. आणायलाच गेला आहे.

याडी मात्र हसली नाही. काकांनी "जुळत नाही" म्हटल्याबरोबर ती एवढंच बोलली, "नाहीच जुळनार." तिला किती खात्री होती बघ. आईला आतून कळतं म्हणतात ते काही खोटं नाही.

त्या तिसऱ्या माणसाचं कोणीच आलं नाही. नगरपालिकेनं त्याला बेवारस म्हणून शहराबाहेरच्या जागेत पुरलं. वाईट वाटलं, पण खरं सांगू? माझ्या मनात तेव्हा दुसऱ्या कोणाला जागाच नव्हती.

रिपोर्टची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. सगळे आकडे आहेत. तुला पाहायला आवडेल म्हणून.

तुझी,
संगीता


हैदराबाद
२ एप्रिल २००७

प्रिय संगीता,

पत्र आणि झेरॉक्स मिळाली. तुमच्या जिवाला थोडा आराम पडला हे वाचून बरं वाटलं.

सध्या इथे कामाची फार गडबड आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. एक सहज विचारते. रक्त घेतलं तेव्हा बाटल्यांवर नावं तुमच्यासमोरच लिहिली होती का? त्या वेळी आणखी कोणाचं रक्त घेत होते का? आठवलं तर कळव. आणि प्रेमचा जन्म कुठला गं, तांड्यातला की दवाखान्यातला?

बा राजूरहून आले का? त्यांना उन्हात फार फिरू देऊ नकोस.

तुझी,
केतकी


तांडा
२२ एप्रिल २००७

प्रिय केतकी,

तुझं पत्र किती लहान होतं. मला वाटलं, काही चुकलं का माझं?

बाटल्यांवर नावं आमच्यासमोरच लिहिली. मीच वाचून पाहिली होती. त्या सकाळी दुसरं कोणी रक्त द्यायला नव्हतं. प्रेमचा जन्म याडीच्या माहेरचा, दिग्रसकडच्या तांड्यातला. मी तीन वर्षांची होते, मला इथं बाच्या आईजवळ ठेवून ती बाळंतपणाला गेली होती. पण तू हे कशाला विचारते?

बा पहिल्यांदा राजूरहून हात हलवत आला. खाणीवर कोणी फोटो ओळखला नाही. आठ दिवस थांबला आणि पुन्हा गेला. मग घुग्गुस, मग चंद्रपूर. आता कोणी म्हणालं की आपली पोरं ऊस तोडायला जातात तिकडे पाहा, तर तिकडे जायचं म्हणतो. उन्हानं काळा ठिक्कर पडला आहे. पायाला फोड आले आहेत. वखरणी तशीच पडली आहे. मी म्हटलं, बा, पाऊस तोंडावर आला, थोडं थांब. तर म्हणतो, "पोट्टा जिता हाय हे मले डॉक्टरनं लिहून देल्लं. मी घरात बसू?"

आणि याडीचं काय चाललं आहे मला समजत नाही. गेल्या आठवड्यात मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती. तिनं मला सकाळीच उठवलं आणि म्हणाली, यवतमाळला चल, मला ती जागा दाखव. कोणती जागा? तर त्या बेवारस माणसाला पुरलं ती. मी नेलं. तिथं काही नाही, बाभळीखाली मातीचा उंचवटा आणि नंबराची पाटी. ती तिथं बसली, पदर डोक्यावरून खाली ओढला आणि माती हातानं सारखी करत राहिली. मी म्हटलं, चल, ऊन झालं. ती उठेना. मला वाटतं, आपला वाचला म्हणून तिला त्या परक्याची दया आली असावी. तिचा जीव तसाच आहे.

तू मोकळं लिही केतकी. तुझ्या मनात काहीतरी आहे.

संगीता


हैदराबाद
५ मे २००७

प्रिय संगीता,

हे पत्र एकटी असताना वाच. बांपुढे वाचू नकोस.

झेरॉक्स आली त्याच दिवशी मी आकडे ताडून पाहिले होते. नंतर महिनाभर गप्प राहिले. तू विचारलंच आहेस, म्हणून लिहिते.

बांचे आणि त्या मृत माणसाचे आकडे पंधरांपैकी फक्त पाच जागी जुळतात. तेवढे कुठल्याही दोन परक्या माणसांचेही योगायोगानं जुळू शकतात. पण तुझ्या याडीचे बारा जागी जुळतात. आई असती तर पंधराही जुळले असते, म्हणजे ती त्याची आई नाही, हे रिपोर्टमधलं वाक्य अगदी बरोबर आहे. पण बारा हे परक्यासाठी फार झाले. रक्ताच्या जवळच्या नात्यात असं दिसतं. आत्या, मावशी, अशा नात्यात. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. नुसता योगायोगही असू शकतो.

मी तुला जानेवारीत लिहिलं होतं की जुळला नाही तर तो प्रेम नाही. ते लिहिताना मी एक गोष्ट गृहीत धरली होती, प्रेम याडीच्या पोटचा आहे ही. प्रयोगशाळेनंही तेच धरलं होतं. पोलिसांनी सांगितलं, हे आईबाप, म्हणून त्यांनी तेवढंच तपासलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

संगीता, याडीला एकदा एकटीला जवळ घेऊन विचार. मी काय विचारायला सांगते आहे ते तुला कळलं असेल. ती नाही म्हणाली, तर माझं हे पत्र फाडून टाक आणि मला दोन शिव्या दे. मला तेच आवडेल.

तुझी,
केतकी


तांडा
२८ मे २००७

केतकी,

तू मला हे कशाला सांगितलं? बा गूळ वाटत होता तेव्हा आम्ही किती सुखात होतो.

तुझं पत्र चार-पाच दिवस शाळेच्या कपाटात कोंडून ठेवलं. मग याडीबरोबर तुराट्या आणायला शेतात गेले आणि विचारलं. तिनं भारा खाली ठेवला. मला वाटलं, ती चिडेल. ती म्हणाली, "तुले कोणं सांगतलं?" मी म्हटलं, केतकीनं, रक्तावरून. मग बांधावर बसून तिनं सगळं सांगितलं. आपल्या बोलीत सांगितलं, मी मराठीत लिहिते.

तिची धाकटी बहीण होती, लालीबाई. मला तिचं नाव तेवढं माहीत होतं, तापानं मेली एवढंच. लालीचं लग्न झालेलं नव्हतं. माणूस कोण, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. आजीनं तिला मागच्या खोलीत लपवून ठेवलं होतं. याडी बाळंतपणाला गेली, ती त्याच घरात. आधी याडीला झालं. मुलगा. रडलाच नाही. दोन दिवसांनी लालीला झालं. तोही मुलगा. लाली त्यानंतर आठवडाही जगली नाही.

"एक थंड पडेल होता अन् एक भुकेनं कळवळे," याडी म्हणाली. "माह्या छातीले दूध लागेल. माह्या याडीनं तो माह्या मांडीवर टाकला. म्हणे, हा तुहा. त्या दिसापासून तो माहाच होता. मी कधी इसरली नाही अन् कधी आठवलं बी नाही."

बाला यातलं काहीच माहीत नाही. तो बारशाला गेला तेव्हा त्याच्या हातात मुलगा दिला, एवढंच त्याला माहीत. ज्यांना माहीत होतं ती सगळी मेली.

मी विचारलं, मग रक्त काहून दिलं? तिथंच सांगायचं ना. ती म्हणाली, "मले वाटलं, बावीस वर्सं पाजलं, खाऊ घातलं, इतकं माह्या हातचं त्याच्या अंगात गेलं. होईन थोडंसं माहं." नंतर काका म्हणाले जुळत नाही. तेव्हा तिला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या. एक, की तो तिचा कधी झालाच नव्हता. आणि दुसरी, की जुळलं नाही म्हणून तो वाचला असं नाही, तिथं तोच असेल.

सगळे म्हणायचे, माझ्या आणि प्रेमच्या भिवया सारख्याच. त्या आजीच्या भिवया असतील. तो माझा मावसभाऊ. मी त्याला काखेत घेऊन विहिरीवर जायची.

आता ऐक. तू एक काम कर. तू तिथं मोठ्या लॅबमध्ये आहेस. काकांना किंवा पोलिसांना लिहून दे की पहिला रिपोर्ट चुकला, नमुना खराब होता. मग पुन्हा तपासा, तो प्रेमच आहे असं म्हणा. बाला तेवढं पुरेल. बाकी काही त्याला कळायची गरज नाही. तुला एवढं जमणार नाही का?

संगीता


हैदराबाद
६ जून २००७

प्रिय संगीता,

मला ते जमणार नाही. माझ्यावर राग धर, पण मी ते लिहू शकत नाही.

तो रिपोर्ट चुकलेला नाही. प्रयोगशाळेला विचारलं होतं, हा या दोघांचा मुलगा आहे का. त्यांनी खरं उत्तर दिलं. मी त्याला खोटं म्हटलं तर उद्या दुसऱ्या कोणाच्या मुलाच्या रिपोर्टवरही कोणी विश्वास ठेवायला नको. आणि माझ्या सांगण्यानं पुन्हा तेच तपासलं, तरी तेच आकडे येतील.

पण दुसरी एक तपासणी आहे. पेशीत केंद्रकाच्या बाहेरही बारीक बारीक कण असतात, पेशीला शक्ती पुरवणारे. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, अगदी छोटा. तो बापाकडून येतच नाही. फक्त आईकडून. आई तो आपल्या सगळ्या मुलांना देते. मुलगे तो बाळगतात पण पुढे देत नाहीत, मुली पुढे देतात. तुझ्या आजीनं तो याडीला दिला आणि लालीबाईला दिला. याडीनं तुला. लालीबाईनं प्रेमला. म्हणजे याडीच्या अंगात जो आहे, अक्षर न अक्षर तोच प्रेमच्या अंगात असणार. हाडात तो केंद्रकातल्यापेक्षा जास्त टिकतो, कारण एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात.

नुसत्या त्यावरून तो प्रेमच आहे असं सिद्ध होत नाही. तुझ्या आजीच्या एखाद्या बहिणीचा मुलगा असता तरी असंच जुळलं असतं. पण तोच शर्ट रामलालनं पाहिलेला, वय तेच, आणि याडीनं मावशी म्हणून दिलेला जबाब, हे सगळं एकत्र धरलं तर अधिकारी मानतील.

जबाब मात्र याडीला द्यावा लागेल. आणि त्याआधी बांना तिनंच सांगायला हवं. ठाण्यात हवालदाराच्या तोंडून त्यांना कळू नये. तिची तयारी नसेल तर काहीच करू नका. तो आहे तिथेच राहील, मी कोणाजवळ बोलणार नाही, बाबांजवळही नाही. हे तुम्ही दोघींनी ठरवायचं आहे. मी दुरून फार सांगितलं.

तू शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. तुझ्या पत्रात नुसतं 'केतकी' होतं, आधी 'प्रिय' नव्हतं.

तुझीच,
केतकी


तांडा
२६ ऑगस्ट २००७

प्रिय केतकी,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहायला बसायची आणि उठायची.

याडीनं सांगितलं. बा पेरणीपुरता घरी आला होता, तेव्हा. मी दारातच उभी होते. सगळं सांगितलं तिनं, लालीचं, आजीचं, आपल्या मुलाचंही. तो कुठं पुरला ते झाडसुद्धा सांगितलं. बा आरडाओरडा करेल, हात उचलेल असं मला वाटलं होतं. तो चिलीम भरत बसला होता. त्याची चिलीम भरून झाली तरी त्यानं ती पेटवली नाही. मग तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. त्या दिवसापासून तो तिच्याशी गरजेपुरतंच बोलतो. तुटकही नाही आणि गोडही नाही.

जबाबाला काका बरोबर होते. याडीनं मान खाली घालून एकेक गोष्ट सांगितली. हवालदारानं लालीचं लग्न झालं होतं का, हे पुन्हा पुन्हा विचारलं. काकांनी त्याला दटावलं. याडीचं आणि माझंही रक्त घेतलं. रिपोर्ट या महिन्यात आला. तू म्हटलं तसंच. मातृवंश एक आहे, सदर महिला मृताची मावशी असण्याची दाट शक्यता आहे, असं लिहिलं आहे.

मग परवानगी निघाली. नायब तहसीलदारांपुढे उकरून काढलं. पांढऱ्या कापडात बांधून दिलं, उचलायला एक माणूस पुरला. काकांनी जीप केली होती. याडीनं ते सगळ्या वाटेनं मांडीवर धरलं. मी म्हटलं, मी धरते, तर तिनं दिलं नाही.

आमच्यात लग्न न झालेल्याला जाळत नाहीत, पुरतात. तांड्याच्या मागं, नाल्याच्या वरच्या अंगाला जागा आहे. तांड्याचे नायक आले, रामलाल आला, चार बायका आल्या. झड लागली होती. पण कुदळ कोणी उचलेना. पहिला घाव बापानं घालायचा, आणि बा घराच्या ओट्यावर बसून होता. सगळे त्याच्याकडे पाहत होते. याडी कापड छातीशी धरून पावसात उभी.

बऱ्याच वेळानं तो उठला. आला. रामलालच्या हातून कुदळ घेतली आणि एकट्यानं सगळा खड्डा खणला. कोणाला हात लावू दिला नाही. खाली मुरूम लागला तरी खोल खणला. मग याडीच्या हातून अलगद घेतलं, आत उतरून ठेवलं, डोक्याकडची बाजू नीट केली. मी रडत होते, पण मला हलकं वाटलं. वाटलं, मानलं यानं. संपलं.

माती लोटून झाल्यावर नायक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रूपसिंग, धीर धर. पोट्ट्याचं आयुष्यच तेवढं."

बा म्हणाला, "लालीचं पोरगं होतं. बिचारं. त्याले बाप नव्हता, म्हून म्या खणलं."

नायकांना समजलं नाही. मलाही समजलं नाही. मग तो माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "तूच वाचून दाखोलं ना? पयल्या कागदात लिवलं, हा माहा नाही. दुसऱ्यात लिवलं, हा लालीचा हाय. डॉक्टर काय खोटं लिवते? लालीचा मेला. माहा प्रेम तिकडंच हाय कुठंतरी."

केतकी, त्यानं दोन्ही रिपोर्ट खरे धरले. एकातलंही अक्षर नाकारलं नाही. ज्याला तो शोधतो तो दिग्रसकडच्या झाडाखाली आहे, ज्याला त्यानं वाढवलं तो नाल्याच्या कडेला, आणि हे त्याला माहीत नाही असं मी म्हणू शकत नाही. याडीनं त्याला सांगितलं आहे. त्यानं ऐकलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं धुतलेलं धोतर मागितलं, फोटो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला. पाऊस थांबला नव्हता. मी दार अडवून म्हटलं, बा, आता कुठं जाते? म्हणाला, "राजूरले. पावसाळ्यात खाणीत पानी भरते, काम बंद असते. पोट्टे खोलीवर सापडतात."

मी याडीकडे पाहिलं. वाटलं, ती तरी अडवेल. ती चुलीपुढून उठली. भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधला, गाठ ओढून पाहिली, आणि त्याच्या हातात दिला.

"दोघांपुरतं हाय," ती म्हणाली.

तुझी,
संगीता